क्लोविसकाकांचा पडाव

आमच्या कारखान्यात एका जागी बसून काम करावं लागायचं, आणि क्लोविसकाकांना नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

आमच्या बेटाच्या मधल्या उंच भागात, क्यूरपिपच्या चढावर, चर्चच्या मागच्या गल्लीत आमचा कारखाना होता. तिथं लाकडाची छोटी जहाजं बनत. दोन-अडीच हात लांबीची, जुन्या काळची, तीन-तीन डोलकाठ्यांची. खाली पुरुष माणसं लाकूडकाम करायची आणि वरच्या मजल्यावर आम्ही बायका शिडं शिवायचो, दोऱ्या बांधायचो. शिडं जुनी दिसावीत म्हणून ती चहाच्या पाण्यात बुडवून वाळत घालायची. पण क्यूरपिपला महिन्यातले वीस दिवस पावसाची भुरभुर, त्यामुळे ती वाळायची आमच्या डोक्यावरच्या तारेवर. बाहेर पडलं की अंगाला चहाचा वास यायचा. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि दोऱ्यांच्या कामात मला चौथं वर्ष लागलं होतं.

ऐंशी साल संपत आलं होतं. एक उंचापुरा, काळाभोर, खांदे एखाद्या दारासारखे रुंद असलेला माणूस आमच्या दर्शनी खिडकीसमोर येऊन उभा राहायला लागला. उभा तरी कसला! चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, मग काचेला नाक लावायचं, पुन्हा चार पावलं. पावसात टोपीसुद्धा नाही. तीन दिवस असं झाल्यावर आमचे मालक, मिस्ये लाम म्हणजे लामसाहेब, घाबरले. त्यांना वाटलं, हा चोरीचा बेत करतोय. चौथ्या दिवशी त्यांनी मला बाहेर पाठवलं.

“काका, काही हवंय का?” मी विचारलं.

“ते मधलं जहाज.” त्यांनी बोट दाखवलं. “त्याच्या नांगराची दोरी कुणी बांधलीये?”

“का बरं?”

“असल्या गाठीनं नांगर टाकला, तर नांगर राहील तळाला आणि जहाज जाईल आफ्रिकेला.”

गाठ माझीच होती. मी आत जाऊन मालकांना सांगितलं, “चोर नाहीये. शहाणा आहे.”

मिस्ये लाम यांनी त्यांना आत बोलावलं आणि दोरीचा एक तुकडा हातात दिला. क्लोविसकाकांच्या बोटांची पेरं माझ्या अंगठ्याएवढी, पण गाठ अशी पडली की मला ती सोडवायला सुई लागली. मालकांनी विचारलं, काम कुठं करत होता? ते म्हणाले, “गोदीत. एकतीस वर्षं. साखरेची पोती.”

पुढचं आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी पोर्ट लुईच्या गोदीत साखर पोत्यांतून जायची थांबली. ती आता यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावरून थेट जहाजाच्या पोटात पडायला लागली आणि पाठीवर पोती वाहणारी शेकडो माणसं घरी बसली. क्लोविसकाका गोदीजवळचं रोश-ब्वाचं घर सोडून बायकोच्या बहिणीकडे, वर क्यूरपिपला राहायला आले होते. वय बावन्न.

“जहाज बांधता येतं?” मालकांनी विचारलं.

“एकतीस वर्षं त्यांच्यात चढउतार केलीय. न येऊन कसं चालेल?”

असं म्हणून ते लागलीच कोपऱ्यातली करवत उचलायला निघाले. तिथं राऊल मिस्त्री बसले होते. त्यांनी मान वर न करता करवतीवर पाय ठेवला.

राऊल मिस्त्री आमच्या कारखान्याचे खरे मालक, पगार फक्त मिस्ये लाम देत. आधी कपाटं-पलंग करायचे, आता जहाजांचे सांगाडे. शिकाऊ माणसानं पहिले दोन महिने फक्त बरगड्या घासायच्या, असा त्यांचा नियम. मधोमध जहाजाचा कणा. त्याला खाचा पाडून बरगड्या उभ्या करायच्या. मग दोरा ताणून प्रत्येक बरगडी सरळ आहे का बघायची. सरळ नसेल तर काढायची, घासायची, पुन्हा बसवायची. तेव्हा कुठं फळ्यांचा नंबर. फळ्या म्हणजे बोटाएवढ्या रुंदीच्या पट्ट्या. गरम पाण्यात भिजवायच्या, वाकवायच्या, डिंक लावून बारीक खिळ्यांनी बसवायच्या.

क्लोविसकाकांनी बरगड्या घासल्या अकरा दिवस. घासताना त्यांचा उजवा पाय टेबलाखाली असा हलायचा की वरच्या मजल्यावर आमच्या सुया पेटीत खुळखुळायच्या. दर अर्ध्या तासानं उठायचे. पाणी प्यायला, पाऊस थांबलाय का बघायला, दुसऱ्याचं काम बघायला. “अजून किती घासायची?” असं दिवसातून दहा वेळा विचारायचे.

“हात फिरवल्यावर कळेल,” राऊल मिस्त्री म्हणायचे.

“माझ्या हाताला काही कळत नाही. माझ्या हाताला गोणपाट मऊ लागतं.”

“मग गालावर फिरव.”

बाराव्या दिवशी राऊल मिस्त्री तापानं पडले, चार दिवस आलेच नाहीत. क्लोविसकाकांनी संधी साधली. एक उभा सांगाडा घेतला, पट्ट्या भिजवल्या आणि डाव्या बाजूनं ठोकत सुटले. आमच्या घरी बारीक खिळ्यांना चुका म्हणत. काकांनी त्या चार दिवसांत दोन्ही जातीच्या चुका पुष्कळ ठोकल्या. डावी बाजू पुरी झाली. इतकी सुंदर झाली की आम्ही बायका जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन बघून आलो. मिरचीच्या भज्यांचा कागद सगळ्यांपुढे फिरवत काका म्हणाले, “दोन महिने म्हणे! उद्या उजवी बाजू. परवा रंग.”

दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर जहाज वाकडं. पट्ट्या वाळताना आखडल्या होत्या आणि त्यांनी कणाच आपल्याकडे ओढून घेतला होता. वरून पाहिलं तर थेट केळं.

राऊल मिस्त्री त्याच दिवशी परत आले. त्यांनी ते उचललं, एक डोळा मिटून कण्याच्या रेषेत बघितलं आणि सावकाश खाली ठेवलं.

“एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे. एक इकडे, एक तिकडे. हे पोराटोरांनाही माहीत असतं.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तू थांबलास कुठं सांगण्याएवढा? पण चांगलंय हे. हे जहाज हरवायचं नाही. गोल फिरून आपोआप बंदरात परत येईल.”

सगळे हसले, मीही हसले. क्लोविसकाकांनी ते केळं काखेत मारलं आणि पावसात चालते झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक ठेंगणी, गुटगुटीत बाई छत्री झटकत आत आली. “माझा नवरा इथं आहे?”

त्या सोलांजकाकू. आम्ही म्हटलं, नाही, कालच निघून गेले.

“घरी नाही आला. म्हणजे तो खाली गोदीकडे गेला असणार, चालत. डोकं फिरलं की तो चालतो.” मग त्या मिस्ये लाम यांच्याकडे वळल्या. “हे बघा मिस्ये, तो आला की त्याला इथंच ठेवा. बांधून ठेवा, पण ठेवा. माझं शिवणयंत्र त्यानं दोनदा खोललंय. चांगलं चालत होतं हो! बहिणीच्या दाराची बिजागरी काढली, म्हणे करकरते. आता दार करकरत नाही, कारण दार लागतच नाही.”

दोन दिवसांनी काका आले. गुडघ्यापर्यंत चिखल, दाढी वाढलेली. केळं कुठं गेलं कोण जाणे. ते थेट राऊल मिस्त्रींपुढे उभे राहिले.

“मला पडाव करायचाय.”

“काय?”

“पडाव. ज्याच्यातून आम्ही पोती जहाजापर्यंत न्यायचो. सपाट बुडाचा, रुंद. खाडीत शेवटचे चार पडून होते, त्यातले तीन कापलेत. चौथा सोमवारी संपेल. सरपण करतायत त्यांचं!”

मिस्ये लाम पायऱ्यांवरून ऐकत होते. “क्लोविस, पडाव कोण बघणार? लोकांना तोफा हव्यात, शिडं हवीत. पडाव म्हणजे तरंगती पेटी.”

“पेटी तर पेटी.”

“नकाशा आहे?” राऊल मिस्त्रींनी विचारलं.

“नाही. म्हणून तर मापं घ्यायचीत. उद्या.” आणि काका माझ्याकडे वळले. “पोरी, तुझ्याकडे दोरा आहे आणि तुझं अक्षर बरं आहे. येतेस?”

मी का गेले, मला आजही नीट सांगता येणार नाही. घरी आईला सांगितलं, कारखान्याचं काम आहे. शनिवारी अर्धा दिवस भरून आम्ही बस पकडली. काका बसमध्येसुद्धा बसले नाहीत, दांडा धरून उभे. खाली उतरता उतरता हवा तापत गेली. पोर्ट लुईला पोचलो तेव्हा माझा स्वेटर काखेत होता आणि काका माझ्या वीस पावलं पुढे.

पडाव खाडीच्या चिखलात एका कुशीवर पडला होता. इतका मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. दोघं जण कुऱ्हाडी आणि करवती घेऊन त्याच्यावर बसले होते. काकांनी त्यांना काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण ते हसले आणि सिगारेट ओढायला बाजूला गेले. “भरती येईपर्यंत,” त्यांच्यातला एक म्हणाला. “मग आम्हाला फळ्या न्यायच्यात.”

मी दोऱ्याला हाता-हातावर गाठी मारून आणल्या होत्या. काका एक टोक धरून धावायचे, मी दुसरं टोक धरून चिखलात रुतायची. ते ओरडून सांगायचे, मी पावाच्या कागदी पिशवीवर लिहायची. “सात गाठी आणि एक वीत! लिहिलंस? लिहिलंस का?” “लिहिलं हो!” “मग उभी काय राहिलीस, पुढं चल!” बरगड्या मोजल्या, फळ्यांची जाडी मोजली, बाजूची उंची मोजली. पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं, मग घोट्यापर्यंत.

आणि मग आम्ही मागच्या टोकाला गेलो, तर मागचं टोक नव्हतंच. जवळजवळ एक तृतीयांश पडाव आधीच कापून नेला होता. तिथं नुसता चिखल आणि लाकडाचा भुसा.

काका पहिल्यांदाच स्थिर उभे राहिले.

“तुम्हाला आठवत असेल की,” मी म्हटलं. “एकतीस वर्षं चढत होतात.”

“पाठीवर पोतं असलं की माणसाला काय दिसतं, सांगू? पुढच्याच्या टाचा. मी मागं काय होतं ते कधी बघितलंच नाही. माझ्यापुढे चालणाऱ्या विरासामीच्या टाचा विचार, डोळे मिटून काढून दाखवतो.”

परतीच्या बसमध्येही ते उभेच. क्यूरपिपला उतरताना अचानक म्हणाले, “उद्या सकाळी घरी ये. खडू घेऊन ये.”

रविवारी मी गेले तेव्हा सोलांजकाकू अंगणात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि शेजारीपाजारी कुंपणावरून बघत होते. काकांनी विटांवर एक लांब फळी तिरकी टाकली होती, गोदीच्या शिडीसारखी. शेजारी वाळू भरलेलं गोणपाट.

“बघ याला,” काकू मला म्हणाल्या. “भली माणसं प्रार्थनेला गेली, आणि हा वाळू वाहतोय.”

“गप्प बस, सोलांज. पोरी, मी डोकं खाली घातलं किंवा वळलो, की तिथं खूण कर. मला काही विचारू नकोस.”

त्यांनी पोतं पाठीवर घेतलं. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. कारखान्यात ते सदा धडपडत असायचे, कोपर इथं लाग, पाय तिथं अडक. पोतं पाठीवर आल्याबरोबर तो माणूस घोटून गुळगुळीत झाल्यासारखा चालायला लागला. डोळे मिटलेले. फळीवरून वर, मग खाली, मग अंगणातल्या फरशीवर एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्या पावलाला त्यांनी मान झुकवली आणि पुढे गेले. मी खडूनं रेघ मारली. आठव्याला डावीकडे वळले. आणखी दोन पावलं टाकली, त्यांत टाचा किंचित उचलल्या, जणू जमीन चढती आहे. मग पोतं खाली टाकलं.

“सहाव्या पावलाला काय होतं?” मी न राहवून विचारलं.

“काही नाही. का?”

“तुम्ही मान खाली घातलीत.”

“मी? नाही बुवा.”

“घातलीस,” कुंपणावरून एक बाई ओरडली. “आम्ही बघितली.”

काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तुळई. मागच्या डेकाची आडवी तुळई. बाप रे! पहिल्या वर्षी माझं कपाळ फुटलं होतं तिच्यावर.” आणि धावत जाऊन पुन्हा पोतं उचललं.

चार वेळा केलं. चारही वेळा मान त्याच रेघेवर झुकली, फार तर तीन बोटं इकडेतिकडे. कुंपणावरचे लोक हसायचे थांबले होते. पाचव्यांदा करायची काही गरज नव्हती, पण त्यांना कोण थांबवणार? फरशी भुरभुरीनं ओली झाली होती. आठव्या पावलाला वळताना पाय सटकला आणि वाळूचं पोतं सरळ उजव्या पावलावर.

“एकतीस वर्षं पोत्यानं तुला ओरखडा नाही काढला,” सोलांजकाकू त्यांचा बूट काढता काढता ओरडत होत्या, “आणि आता घरच्या अंगणात पाय मोडून घेतलास! प्रार्थना चुकवलीस ना, घे!”

पावलाची दोन हाडं मोडली होती. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे पाय खाली टेकायचा नाही म्हणून सांगितलं. सोमवारी कारखान्यात ही बातमी कळली. संध्याकाळी राऊल मिस्त्रींनी आपली हत्यारांची पेटी उचलली आणि म्हणाले, “सेवंती, त्याचं घर दाखव.”

काका खिडकीपाशी खुर्चीवर, पाय स्टुलावर, चेहरा पिंजऱ्यातल्या माकडासारखा. राऊल मिस्त्रींनी पेटी टेबलावर ठेवली आणि समोर बसले.

“आता पळून दाखव.”

त्या सहा आठवड्यांत क्लोविसकाका बोट बांधायला शिकले. पावाच्या पिशवीवरचे आकडे लहान करून राऊल मिस्त्रींनी नकाशा काढला. बरगड्या घासल्या, गालावर फिरवून बघितल्या, पुन्हा घासल्या. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे. डिंक वाळेपर्यंत थांबायचं, म्हणजे काकांना खरी शिक्षा. चांगला पाय टेबलाखाली हलत असायचाच. काकूंनी त्याच्याखाली उशी टाकली होती. दर पंधरा मिनिटांनी त्यांचं बोट डिंकाकडे जायचं आणि राऊल मिस्त्री पट्टीनं ते बाजूला करायचे.

“वाळला असेल.”

“नाही वाळला.”

“तुला कसं कळलं?”

“कारण तू विचारतोयस.”

मी कामावरून सुटल्यावर जायची. दोऱ्यांचं काम पडावाला फारसं नव्हतंच, बाजूला बांधायचे चार दोरखंड तेवढे. त्यांची गाठ मला काकांनी शिकवली आणि माझी आठ वेळा उलगडायला लावली. काकू कुरकुरत भाजीचा रस्सा आणि पाव पुढे ठेवायच्या. त्यांच्या जेवायच्या टेबलावर आता जेवता येत नव्हतं, सगळे मांडीवर ताटल्या घेऊन बसायचो. एके दिवशी बघते तर काकू जुनं गोणपाट कापून अंगठ्याएवढ्या पिशव्या शिवत होत्या.

“हे काय?”

“पोती. रिकाम्या पडावाकडे बघून मला कसंतरीच होतं,” त्या म्हणाल्या. “आणि शिवणयंत्र तिसऱ्यांदा खोलण्याआधी वापरून घेते.”

पडाव पुरा झाला. मिस्ये लाम स्वतः बघायला आले. त्यांनी चष्मा पुसला, तुळईखालून आत डोकावून बघितलं. म्हणाले, “चांगला आहे. खरंच चांगला आहे. काचेच्या पेटीत ठेवू.”

“ठेवा. पाण्यात सोडल्यावर ठेवा.”

“कशात?”

“पाण्यात. तरंगतो का ते बघायला नको?”

आमच्या कारखान्यातून शेकडो जहाजं बाहेर गेली होती. एकालाही कधी पाणी लागलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्या क्षणापर्यंत आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आली नव्हती.

राऊल मिस्त्री उठून उभे राहिले. “लाकूड फुगेल. डिंक सुटेल. सहा आठवडे मी इथं येऊन बसलो, ते तू बुडवायला?”

“बोट आहे ही, राऊल.”

“प्रतिकृती आहे ती!”

“मग पलंगच केलेले काय वाईट होते?”

राऊल मिस्त्री टोपी घालून निघून गेले. आठवडाभर कारखान्यात त्यांनी काकांचं नाव काढलं नाही. काकांनी बाहेरून डांबर लावलं, प्लास्टर निघाल्यानिघाल्या लंगडत पोस्टात गेले आणि रोश-ब्वाला गोदीतल्या जुन्या सोबत्यांना निरोप धाडला.

रविवारी सकाळी बसमधून गोदीचे पाच जण उतरले. क्यूरपिपची थंडी त्यांना सोसेना, सगळ्यांनी एकावर एक सदरे चढवले होते. त्यांच्यात विरासामी होता, वाळलेल्या माशासारखा सडपातळ, आणि तिजां, ज्याला दारातून आत यायला तिरकं व्हावं लागलं. आधी सगळ्यांनी पडावाभोवती एक फेरी मारली. मग एकदम भांडण सुरू.

“तुळई इतकी पुढं नव्हती!”

“तिथंच होती. माझं डोकं साक्षीला आहे.”

“तुझं डोकं कुणी विचारलं? माझ्या पडावात मागं होती.”

“तुझा पडाव वेगळा होता रे!”

काकूंचा कपडे धुण्याचा दगडी हौद काठोकाठ भरला होता. काकांनी दोन्ही हातांनी पडाव उचलला आणि पाण्यावर ठेवला. हात काढले. पडाव तरंगला, पण डावीकडे कलला. चांगलाच कलला. एका बाजूची कड पाण्यापासून जेमतेम बोटभर वर राहिली.

मला हसू नाही आलं. काका आता चालायला लागणार हे मला दिसत होतं. खाली, गोदीपर्यंत, लंगड्या पायानं. तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला, “डावीकडच्या पट्ट्या जाड राहिल्यात. मी म्हटलं होतं, अजून घास.” राऊल मिस्त्री कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे.

विरासामी हौदाशी उकिडवा बसला. “रिकामा पडाव कधी सरळ असतो काय? क्लोविस, घरी बसून विसरलास होय? माल कुठाय?”

काकू तांदूळ भरलेल्या पोत्यांची टोपली घेऊन आल्या. साठ होती. मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. ते पाच-सहा आडदांड बाप्ये हौदाभोवती गुडघ्यांवर बसले आणि दोन बोटांच्या चिमटीत एकेक पोतं धरून पडाव भरायला लागले. “मागं आधी!” “उजवीकडे दोन!” “अरे, आडवं नाही, उभं लाव, मध्ये फट राहते!” “तिजां, तुझा हात काढ, मला दिसत नाही!” विरासामी नुसता बोटानं जागा दाखवत होता, गोदीतही शेवटच्या वर्षांत त्याला पोती वाहणं सोडून तेच काम मिळालं होतं म्हणे, थर लावणाऱ्यांच्या मुकादमाचं. चाळिसाव्या पोत्याला पडाव थरथरला आणि कड वर आली. बावन्नाव्याला तो पाण्यावर सपाट बसला. फळीवर ठेवल्यासारखा. विरासामीनं उरलेली आठ पोती टोपलीत परत टाकली. “बस्स. जास्त भरायचं नाही.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिजांनं नाक शिंकरलं. राऊल मिस्त्री पुढे आले, वाकले आणि पाण्याची रेघ कुठं आली ते एक डोळा मिटून बघायला लागले.

मी क्लोविसकाकांकडे बघितलं. मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस शांत बसेल. त्यांनी फार तर दोन मिनिटं बघितलं. मग म्हणाले, “मागचं टोक अजून रुंद हवं होतं. पुढच्या खेपेला,” आणि हौदाभोवती येरझारा सुरू.

पडाव मिस्ये लाम यांच्या खिडकीत खालच्या फळीवर बसला, बावन्न पोत्यांसकट. काका कारखान्यात आणखी दोन वर्षं होते. काम चांगलं करायला लागले. त्यांच्या हातची मोठी तीन डोलकाठ्यांची जहाजं बाहेर देशी गेली. पण एक खोड जाईना. सांगाड्यावर फळ्या चढल्या की रंग द्यायच्या आधी ते गुपचूप जहाज घरी नेऊन हौदात सोडायचे. मग लाकूड फुगायचं, रंग धरायचा नाही, आणि राऊल मिस्त्री ओरडायचे. शेवटी मिस्ये लाम यांनी त्यांना वर बोलावलं. भांडण झालं नाही. मिस्ये म्हणाले, “क्लोविस, माझी जहाजं काचेत राहायची आहेत.” काका म्हणाले, “हो, ते बरोबर आहे.” एवढंच, आणि त्या आठवड्यात काकांचं तिथलं काम संपलं.

त्या फेब्रुवारीत चक्रीवादळ आलं. आमच्याकडे पत्रे उडाले. खाली माहेबूरच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. तिथं सोलांजकाकूंचा एक चुलतभाऊ होता. काका त्याला मदत करायला म्हणून दोन दिवसांसाठी गेले ते परत आलेच नाहीत. महिनाभरानं काकूही शिवणयंत्र आणि हत्यारांची पिशवी घेऊन तिकडे निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, “इथं पावसानं कुजत होते, आता तिथं उन्हानं वाळणार. याच्या पायाला चाकं आहेत, मी तरी काय करू?” पण त्यांनी नवीन टोपी घातली होती.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि आम्ही दोघं माहेबूरला गेलो. काकांना शोधायला वेळ लागला नाही. किनाऱ्यावर बदामाच्या झाडाखाली एक होडी उपडी पडली होती आणि पंचविशीतला एक पोरगेला कारागीर त्यांच्यावर तोंड टाकत होता.

“क्लोविस, किती वेळा सांगायचं? खिळा आरपार नाही मारायचा, तिरका मारायचा! पुन्हा काढ.”

“काढतो, काढतो,” काका म्हणत होते. पंचावन्न वर्षांचा माणूस, आणि पुन्हा पहिल्या इयत्तेत. मला बघून ते उठले नाहीत, ओळख दाखवायलाही थांबले नाहीत. “सेवंती! बरी आलीस. ते टोक धर. घट्ट धर. हा नवरा का तुझा? त्यालाही सांग धरायला.”

आम्ही दुपारपर्यंत फळ्या धरत होतो. माझ्या नवऱ्याच्या नव्या सदऱ्याला डांबर लागलं. तीनच्या सुमाराला पाणी वर आलं, आणि आदल्या आठवड्यात दुरुस्त झालेली दुसरी एक निळी होडी पाण्यात लोटायची ठरली. दहा-बारा माणसं खांदे लावून तिला ओढत होती. तो तरुण कारागीर ओरडत होता, “क्लोविस, तू मागं राहा, तुझा पाय—” पण काका केव्हाच पुढे होते. होडी पाण्यात शिरली, सगळी माणसं घोटाभर पाण्यात थांबली. काका थांबले नाहीत. बूट-सदऱ्यासकट ते तिच्याबरोबर चालत राहिले. पाणी गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. एक हात तिच्या कडेवर आणि मान वाकडी करून तिच्या बुडाकडे बघत.

“पाणी येतंय का आत?” तो पोरगा किनाऱ्यावरून ओरडला.

“थांब रे,” काका म्हणाले, “बघतोय!”